रिफर्बिश्ड म्हणजे नक्की काय केलंत, ते बिलावर लिहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी गेमिंग कॉम्प्युटरवर लेख आला होता, त्यात "कमी बजेटवाल्यांसाठी" म्हणून पंच्याऐंशी हजारांची यादी दिली होती. मी तो आकडा चष्मा लावून परत वाचला. मी एका पतसंस्थेत बावीस वर्षं हिशेब बघते, आमच्याकडे पंच्याऐंशी हजारांसाठी माणसं दोन जामीनदार घेऊन येतात. आमच्या चिरंजीवांनी (डिप्लोमा, दुसरं वर्ष) तो लेख कापून फ्रिजवर चिकटवला आणि रोज दूध काढताना मला तो दिसायला लागला. शेवटी मी म्हटलं माझ्या भिशीचे पस्तीस हजार आहेत, त्यात बसत असेल तर बघ, नाहीतर तो कागद काढ.

बसलं. पस्तीस हजार तीनशे पन्नासला बसलं, वरचे साडेतीनशे त्याच्या खर्चायच्या पैशातून वळते केले. पण हे पत्र ते सांगायला नाही. अर्धे पार्ट जुने आणि अर्धे नवे असं घेताना गेल्या तीन महिन्यांत रिफर्बिश्ड (म्हणजे म्हणे जुनाच माल नीट करून विकलेला) हा शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकला आणि प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ इतका वेगळा होता की कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून तुमची जागा मागते.

सुरुवात आमच्याच ऑफिसपासून करते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे तुम्ही छापलंच होतं. आमच्याकडे बहुतेक मशीन सहाव्या जनरेशनचे आय-फाइव्ह, त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. ऑडिटरने शेरा मारला, संचालक मंडळाने ठराव केला, आणि चौदा चांगली चालणारी मशीन भंगारवाल्याला नगाला आठशे रुपयांनी गेली. मी फक्त एवढंच केलं की हार्डडिस्क काढून घेतल्या आणि आमच्या शिपायाने त्या मागच्या ओट्यावर हातोडीने फोडल्या, सभासदांची खाती असतात त्यात. असो. ई-वेस्टचे २०२२ चे नियम आहेत, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, ज्यांच्याकडे किमान हजार यंत्रं आहेत त्यांनी जुना माल नोंदणी असलेल्या उत्पादकाला, रिफर्बिशरला किंवा रिसायकलरलाच द्यायचा असं त्यात आहे. आमच्याकडे सगळे मिळून तेवीस कॉम्प्युटर, म्हणजे आमच्यासारख्यांचा माल जातो हातगाडीवरून. आणि महाराष्ट्रात आमच्यासारख्या पतसंस्था, शाळा, क्लास, सीएची ऑफिसं किती असतील ते तुम्हीच धरा.

बरोबर तीन आठवड्यांनी मुलाबरोबर एका दुकानात गेले. दारात बोर्ड, "गेमिंग पीसी, रिफर्बिश्ड, लाइक न्यू, फक्त १६,५००". काळा कॅबिनेट, पुढच्या जाळीतून लाल-निळी लायटिंगची पट्टी लुकलुकतेय. दुकानदार म्हणाला, "ताई, बेंगलोरच्या आयटी कंपनीचा लॉट आहे, एसीत वापरलेला माल, हात लावून बघा." मी हात लावला, मशीन जरा फिरवलं, आणि मागच्या बाजूला खाली मार्करने लिहिलेलं दिसलं, डे.स्टॉ. ४७. अक्षर माझं. डेडस्टॉक रजिस्टरला नंबर टाकायचं काम माझ्याकडेच आहे आणि माझ्या चारला वर गाठ असते, ती शाळेपासून आहे.

मी काही बोलले नाही, मुलगा मात्र माझ्याकडे बघून हसायला लागला. आता खरं सांगायचं तर त्या माणसाने आठशेचा माल साडेसोळा हजाराला लावला याचा मला राग नाही, त्यात त्याने २५६ जीबीची एसएसडी (हार्डडिस्कची जागा घेणारी, जास्त वेगवान) घातली होती, धूळ काढली होती, दुकानाचं भाडं आहे, धंदा आहे. पण ४७ नंबरचा इतिहास मला पाठ आहे. वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा त्याचा एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज देणारा डबा) उडाला होता आणि आम्ही मिळेल तो स्वस्तातला बसवला होता, तोच आत होता, मी जाळीतून बघितला. आणि "गेमिंग" करण्यासाठी त्यात जीटी ७१० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा पार्ट, घातलेलं. मुलगा कानात म्हणाला, आई, हे कार्ड आणि या प्रोसेसरमध्येच असलेलं फुकटचं ग्राफिक्स यात काही फरक नाही गं, कार्ड काढून टाकलं तरी गेम तेवढाच अडखळणार. गिऱ्हाइकाला कळतं काय, तर कार्ड आहे, लाइट आहे, म्हणजे गेमिंग. मी विचारलं काय काय बदललंय यात, तर म्हणाला "सगळं चेक केलेलं आहे". मी म्हटलं चेक केलंय ते ठीक, बदललंय काय? तर म्हणाला "ताई, कंपनी रिफर्बिश्ड आहे." कुठल्या कंपनीने? आमच्या?

हे झालं गमतीचं. त्याच्या आधी दिवाळीत जे झालं ते गमतीचं नव्हतं. तेव्हा आमचा विचार एवढाच होता की घरी जो चौथ्या जनरेशनचा आय-थ्री पडलाय त्यातच एखादं जुनं ग्राफिक्स कार्ड टाकू. एका दुकानात जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, रिफर्बिश्ड, साडेचार हजार. चमकत होतं नुसतं. बिल मागितलं तर पावतीपुस्तकातली एक चिठ्ठी फाडून दिली, "ग्राफिक १ नग ४५००/-", ना मॉडेल, ना सिरीयल नंबर, ना दुकानाचा शिक्का. मी बावीस वर्षं लोकांची व्हाउचरं परत पाठवणारी बाई, आणि ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली कारण मुलगा घाई करत होता आणि दुकानात गर्दी होती. ही चूक माझी.

घरी येऊन कार्ड लावलं तर चित्र आलं पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काही केल्या इन्स्टॉल होईना. दोन रात्री गेल्या. मग मुलाने जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं आणि त्यात कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात "फेक" असं आलं. म्हणजे कुठलं तरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड घ्यायचं, त्याच्या आतला प्रोग्रॅम बदलून त्याला १०५० टीआय म्हणून ओळख द्यायला लावायची. माणसाने खोटं आधार कार्ड करावं तसं. आणि ओळखायची खूण इतकी सोपी होती की नंतर कपाळावर हात मारला, कार्डाच्या मागे निळं व्हीजीएचं पोर्ट होतं, जुन्या मॉनिटरला जातं ते. १०५० टीआयच्या मूळ चिपमध्ये तसलं ॲनालॉग आउटपुटच नाही. तेव्हा कोणी १०५० टीआय म्हणून दाखवत असेल आणि निळं पोर्ट दिसलं तर तिथूनच मागे फिरा, चहा पण घेऊ नका.

परत गेलो. "रिफर्बिश्ड मालाला रिटर्न नसतो." भांडले, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, बिल आहे का? चिठ्ठीवर दुकानाचं नावच नाही तर मी कोणाविरुद्ध काय सांगणार होते. ते साडेचार हजार मी बुडीत खाती टाकले आणि पस्तीस हजारांत धरलेले नाहीत, धरले तर मुलाला बोल लागेल.

तर मग शेवटी माझ्या भावाने, तो डोंबिवलीला असतो, सांगितलं की अक्का तू इथे ये, लॅमिंग्टन रोडला जाऊ. कागदावर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, पण टॅक्सीवाल्यापासून सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. शनिवारी गेलो, रविवारी बरीच दुकानं बंद. तिथेही सगळे साधुसंत बसलेत असं मुळीच नाही, दोन दुकानांत मला तोच "सगळं चेक केलेलं आहे" ऐकायला मिळालं, पण एका जिन्याखालच्या टपरीएवढ्या दुकानात एक पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांनी जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड काढलं, ६ जीबीचं, आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, मायनिंगमधलं आहे, लपवत नाही."

ही मायनिंगची भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथेरियम नावाचं आभासी चलन तयार करायला लोक एकेका खोलीत ग्राफिक्स कार्डांची रांग लावून रात्रंदिवस चालवायचे, १५ सप्टेंबर २०२२ ला त्या इथेरियमची पद्धतच बदलली आणि कार्डांची गरज एका दिवसात संपली, मग ती सगळी कार्डं बाजारात आली. तुमच्या लेखात "मायनिंगचं कार्ड चुकूनही घेऊ नका" असं होतं. त्या गृहस्थांचं म्हणणं वेगळं होतं आणि मला पटलं, की चिप सारख्या एका तापमानाला चालून फार खराब होत नाही, मरतात ते पंखे, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता ओढून घेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळून पापडासारखे होतात. ते बदलले तर कार्ड चालतं. बदलले नाहीत आणि नुसतं ब्रशने घासून, काही महाभाग तर पाण्याने धुऊन, विकलं तर ते तुमच्या घरी येऊन मरणार.

त्यांनी आमच्यासमोर कार्ड टेस्ट बेंचला लावलं, फरमार्क चालू केलं आणि म्हणाले वीस मिनिटं बसा. फरमार्क म्हणजे स्क्रीनवर एक केसाळ कडं गोल फिरत राहतं, बाकी काही नाही, पण कार्डाची दमछाक करतं. तापमान चढत चढत त्र्याहत्तरला गेलं आणि तिथेच थांबलं. वीस मिनिटं मी त्या फिरणाऱ्या कड्याकडे बघत एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, मागे कोणीतरी सोल्डरिंग करत होतं त्याचा वास, आणि मला आमचा रेडिओ दुरुस्त करणारे काका आठवले, ते पण दुरुस्त झालेला रेडिओ तासभर चालू ठेवायचे आणि मगच पैसे घ्यायचे.

आणि मग त्यांनी बिल केलं. पक्कं, छापील. मॉडेल, कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर, नऊ हजार, एक महिना टेस्टिंग वॉरंटी, आणि खाली पेनाने, "पेस्ट व पॅड बदलले, डावा फॅन नवीन". संपादक महोदय, मला त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहायचंय. रिफर्बिश्ड म्हणजे ती ओळ. ती ओळ नसेल तर तो माल जुना आहे, सेकंडहँड आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण मग जुनाच म्हणा.

बाकीची खरेदी पटकन सांगते कारण वाचणाऱ्यांना आकडे हवे असतात. प्रोसेसर रायझन ५ ३६००, जुना, पाच हजार. २०१९ चा आहे, सहा कोअर, गेमला पुरून उरतो. प्रोसेसर हा जुना घ्यायला सगळ्यात निर्धोक पार्ट, तो सहसा मरत नाही, फक्त याच्या पोटाला हजारावर बारीक पिना असतात त्या वाकलेल्या आहेत का ते उजेडात आडवा धरून बघायचं. मदरबोर्ड नवा, बावन्नशे, कारण जुना बोर्ड कुठे शॉर्ट झालाय ते कोणाच्या बापाला कळत नाही. आणि याचा जो सॉकेट आहे (प्रोसेसर बसायची जागा), एएम४, तो रायझन बनवणाऱ्या एएमडीने २०१७ पासून इतकी वर्षं चालू ठेवलाय की उद्या पैसे आले तर त्याच बोर्डावर ५००० सिरीजचा प्रोसेसर बसेल, बोर्ड बदलायला नको. रॅम जुनी, आठ-आठच्या दोन पट्ट्या, बत्तीसशे. दुकानदार म्हणाला ऑगस्टमध्ये आला असतात तर बावीसशेला दिली असती, मी म्हटलं सगळे असंच म्हणतात, पण तो खरं बोलत होता. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून भाव कुठच्या कुठे गेलेत, क्रुशल नावाने रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की किरकोळ गिऱ्हाइकाला माल देणं बंद करतोय. आज तीच जोडी मला बत्तीसशेला मिळणार नाही. जुन्या मालाची गरज आता हौसेपुरती राहिलेली नाही ती यामुळेच.

एसएसडी नवी, ५०० जीबी, तीन हजार. इथे एकाने मला "दोन-चार महिने वापरलेली" एक टीबीची हार्डडिस्क सातशेला देऊ केली. मुलाने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावून बघितलं तर चालू राहिल्याचे तास सव्वीस हजारांच्या वर. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ, भागाकार मला तोंडी येतो, तीन वर्षं ती डिस्क एक मिनिट न थांबता फिरली होती, बहुतेक कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये. दोन-चार महिने!

आणि एसएमपीएस. तो नवाच, छत्तीसशे, ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया जाते अशी खूण). भाऊ म्हणत होता एवढे कशाला, सातशेत ४५० वॅटचा मिळतो. तेव्हा मी दोन्ही डब्यांवरचा तक्ता वाचला, वाचायची सवयच आहे. त्या सातशेवाल्यावर बाहेर मोठ्या अक्षरात ४५०, पण आत १२ व्होल्टच्या खाली लिहिलंय १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे कॉम्प्युटरला ज्या लाइनवरून खरी वीज लागते तिथे तो डबा स्वतःच्या तोंडाने सांगतोय की माझ्याकडे १९२ वॅट आहेत. कार्ड एकटं १२५ खातं, प्रोसेसर ६५ चा म्हणतात पण भर आला की त्याच्याही वर जातो, मग बोर्ड, पंखे, डिस्क, त्यात काय उरलं? लोक नऊ हजाराचं कार्ड घेतात आणि सातशेच्या डब्याला लावतात आणि मग कार्ड जळलं म्हणून कार्डवाल्याशी भांडतात. आपल्याकडे व्होल्टेज कसं असतं ते संध्याकाळी सातला कुठल्याही गावात ट्यूबलाइटकडे बघून कळतं, तिथे तरी पैसे वाचवू नका हो.

कॅबिनेट एकोणीसशे, मॉनिटर चोवीस इंची, जुना, कुठल्यातरी ऑफिसमधला, छत्तीसशे (पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो लावून ठिपके बघायचे, बास), कीबोर्ड-माउस साडेआठशे. करा बेरीज. विंडोजचं लायसन्स यात नाही, ते तुमच्या लेखातही नव्हतं आणि कुठलाच दुकानदार आपणहून सांगत नाही, आमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात अजून "ॲक्टिव्हेट करा" असं फिकट अक्षरात दिसतं, ते पुढच्या बोनसला. पाचशे रुपयांत विंडोजची लायसन्स-की देणारे बरेच भेटले पण त्यांच्याकडेही बिल नव्हतं.

जोडणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. आता मी तिथे उभी होते कारण पोळ्या करायच्या होत्या, पण शेवटी पोळ्या राहिल्या. प्रोसेसरच्या दोन पिना कोपऱ्यात किंचित कललेल्या निघाल्या, दुकानात दिसल्या नव्हत्या. मुलाचा चेहरा उतरला. मग त्याने माझ्या टेबलावरची क्लिक पेन्सिल घेतली, तिची शिस काढून टाकली, आणि ती पोकळ नळी एकेका पिनेवर चढवून अगदी हळू, श्वास रोखून, सरळ केल्या. ज्या मुलाला शर्टाचं बटण लावता येत नाही! प्रोसेसर सॉकेटमध्ये स्वतःच्या वजनाने पडला, दाबायचा नसतो म्हणे, आणि दांडी खाली केली तेव्हा कट् असा जो बारीक आवाज झाला तेव्हा आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला.

सगळं जोडून बटण दाबलं तर पंखे फिरले, लाइट लागली, स्क्रीन काळी. अर्धा तास काळी. मी मनात परत बुडीत खात्याची बेरीज करायला लागले होते. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं, भावाला व्हिडिओ कॉल लावला, तो म्हणाला, "अरे वायर कुठे लावलीस?" वायर बोर्डाच्या पोर्टला लावलेली. या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्सच नाही, चित्र कार्डातूनच येणार, वायर खाली कार्डाला लावायची. लावली, आलं. कोणी हा प्रोसेसर घेणार असेल तर एवढं लक्षात ठेवा, आणि कार्ड कधी बिघडलं तर दुसरं येईपर्यंत कॉम्प्युटर मुका बसणार हेही. अजून एक, पहिल्या दिवशी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, तो कॉम्प्युटरचा दोष नव्हता, आमच्या भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, तीन पिनांचं भोक नुसतं शोभेचं. वायरमनने दोनशे रुपये घेतले. जुन्या घरात राहणाऱ्यांनी आधी ते बघा, मग गेमिंगचं.

आता चालतो कसा, तर काउंटर-स्ट्राइक २ हा गेम आरामात सेकंदाला शंभर फ्रेमच्या वर जातो असं चिरंजीव सांगतात, मॉनिटर साठचाच असल्याने दिसतात साठ, पण त्याला त्याचं समाधान आहे. दिवसा त्याच मशीनवर कॉलेजचं कॅडचं काम करतो. आमच्या नणंदबाई विचारत होत्या की गेमिंगवर सरकारने बंदी आणली ना, मग हे कसं? बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आली, ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने, हा तो प्रकार नाही. इथे पैसे फक्त माझे गेले आणि ते एकदाच.

मुद्द्यावर येते. पक्कं बिल मागितलं की जवळजवळ प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळालं, "जुन्या मालावर जीएसटी बिल होत नाही, ताई." हे साफ चूक आहे आणि हे मी माझ्या कामामुळे ठामपणे सांगू शकते. सीजीएसटी नियमावलीतला ३२(५) हा नियम खास जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठीच आहे. जुना माल घेताना इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या टॅक्सची वजावट) घेतलं नसेल आणि वस्तूचं रूप न बदलेल एवढीच किरकोळ दुरुस्ती केली असेल तर टॅक्स पूर्ण किमतीवर नाही, फक्त घेतल्याच्या आणि विकल्याच्या किमतीतल्या फरकावर. विकताना तोटा झाला तर टॅक्स शून्य. आमचा ४७ नंबर आठशेला घेऊन तसाच साडेसोळा हजाराला विकायचा म्हटलं तर फरक फार मोठा निघतो, म्हणून बिल नको असतं, ही खरी गोम आहे. आणि ज्याची उलाढाल चाळीस लाखांच्या आतली आहे, जीएसटी नंबरच नाही, त्यालाही साधं बिल द्यायला कोणी अडवलेलं नाही, दुकानाचं नाव, तारीख, मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहायला कुठलं रजिस्ट्रेशन लागतं?

माझं म्हणणं एवढंच आहे की मोटारसायकल जुनी घेताना आपण आरसी बुक बघतो, चेसिस नंबर जुळवतो. कार्डाला, बोर्डाला, रॅमच्या पट्टीला, सगळ्याला सिरीयल नंबर असतो. तो बिलावर यावा, काय बदललं ते बिलावर यावं, काहीच बदललं नसेल तर "जुना, जसा आहे तसा" असं लिहावं आणि भाव तसा लावावा. गिऱ्हाइकांनी पण लाजू नये. मी बघितलंय, आईबाप मुलाबरोबर येतात, त्यांना यातलं काही कळत नाही, मुलाला वाटतं जास्त विचारलं तर दुकानदार हसेल, आणि दुकानदाराला दोघांचंही बरोबर कळतं. ग्राहक पंचायतीसारख्या संस्था डाळीचं वजन आणि औषधाची एमआरपी बघतात तसं यातही लक्ष घालतील तर बरं. आणि तुम्ही पुरवणीत पुढची यादी छापाल तेव्हा नव्याशेजारी जुन्या मालाचाही भाव छापा, तुमचे सगळे वाचक काही पंच्याऐंशी हजारवाले नाहीत.

जाता जाता. डे.स्टॉ. ४७ परवा विकला गेला, दुकानाच्या दारातला बोर्ड उतरलाय. ज्यांनी कोणी घेतला असेल त्यांनी हे वाचलं तर सांगायचं होतं की आधी एसएमपीएस बदलून घ्या, आणि उजव्या बाजूचं झाकण नीट बसत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका, त्याचा खालचा स्क्रू आमच्याच ऑफिसात हरवलाय.

आपली,
एक नियमित वाचक, कराड